परसातली डुकरं, कवेलूवरची वानरं आणि वांग्यातली अळी

यवतमाळ जिल्ह्याच्या केळापूर तालुक्यातून, टिपेश्वर अभयारण्याच्या बाजूच्या एका गावातून एका ताईंचं पत्र आलं आहे. घरामागच्या दोन गुंठ्यांत त्या वांगी, भेद्रे (टोमॅटो), भेंडी, ढेमसे, दोडके, सांभार (कोथिंबीर) असं घरापुरतं लावतात. त्या लिहितात:

"रताळ्याचा वाफा डुकरांनी एका रात्रीत उलटापालटा केला. दुपारी वानरं कवेलूवरून (छपराच्या कौलांवरून) उतरतात, भेद्रे अर्धे खातात, अर्धे फेकतात. वांगं कापलं की आत अळी. घरचे म्हणतात, कपाशीच्या फवारणीतून पंपात उरलेलं औषध भाजीवर मारून देऊ. दीर म्हणतात, घरातून तार काढू आणि रात्री करंट सोडू. माझं मन दोन्हीला होत नाही, घरात लहान पोरं आहेत. औषधाशिवाय काही होते का? आणि कोंबड्या परसात सोडल्या तर चालतात का?"

ताई,

तुमचं मन दोन्हीला होत नाही ते अगदी बरोबर आहे. त्या दोन गोष्टींचंच आधी बोलू. बाकीची कामं आठवडाभर मागेपुढे झाली तरी चालतील, हे आजच थांबायला हवं.

घरातल्या लाइनीतून तार काढून कुंपणाला करंट सोडणं हा गुन्हा आहे. माणूस गेला तर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल होतो, आणि अशा तारेवर माणसं जातातच: पहाटे परसाकडे निघालेली म्हातारी, चेंडू आणायला गेलेलं पोरगं, रात्री मोटार चालू करायला निघालेला शेजारी. त्यात तुमचं गाव वाघाच्या वाटेवरचं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीडजवळ २०१७ साली श्रीनिवास नावाचा वाघ अशाच तारेला चिकटून मेला. डुकरासाठी लावलेली तार वाघ, बैल आणि माणूस यांत फरक करत नाही. दिरांना हेही सांगा की झटका मशीन ही वेगळी वस्तू आहे. तिचा झटका क्षणभराचा असतो आणि थांबून थांबून येतो, त्यामुळे जनावर दचकून मागे सरतं. घरच्या लाइनीतला करंट सतत वाहतो आणि धरलेलं सोडत नाही. वावरासाठी झटका मशीन घ्यायचा विचार असेल तर वनरक्षकाला भेटा. अभयारण्यालगतच्या गावांना डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणाला अनुदान मिळतं. दोन गुंठ्यांच्या परसाला मात्र त्याची गरज नाही, ते पुढे सांगते.

आता कपाशीच्या औषधाचं. भेंडी आपण एक दिवसाआड तोडतो, ढेमसे-दोडके दोन-तीन दिवसांनी. कपाशीवरच्या औषधाला फवारणीनंतर माल काढायला कितीतरी दिवस थांबावं लागतं, आणि कपाशी कोणी खात नाही. तेच औषध भेंडीवर पडलं की परवाच्या कालवणात येतं. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरायला तर देशात २००५ पासून मनाई आहे, तरी ते कपाशीच्या पंपातून परसात पोचतं. २०१७ च्या पावसाळ्यात आपल्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने कितीतरी शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात भरती झाले. उघड्या वावरात, मोठ्या माणसांचं असं झालं. तुमच्या परसात तर पोरं खेळतात, कोंबड्या चरतात, बाजूलाच पाण्याचा रांजण असतो. तुमच्या घरच्यांना, म्हणजे भाऊंना सांगा, पंपात उरेल इतकं औषध कालवायचंच नाही, आणि कपाशीचा पंप परसात आणायचा नाही. परसासाठी लहान हातपंप वेगळा घ्या. फार महाग नसतो.

डुकरांसाठी कुंपणाला थिमेटच्या पुड्या बांधायची रीतही आपल्याकडे आहे. थिमेट म्हणजे फोरेट. ३१ डिसेंबर २०२० पासून देशात त्यावर बंदी आहे. कोणी जुना डबा काढून दिला तरी घेऊ नका. त्याचा नुसता वासही माणसाला बाधतो, आणि पावसात ते दाणे विरघळून मातीत उतरतात.

आता परसाकडे वळू. पहिलं काम म्हणजे कोण येतं ते ओळखणं. तुम्ही डुक्कर म्हणता, पण रताळं उकरणारं दरवेळी डुक्करच असतं असं नाही. सकाळी झाडझूड करायच्या आधी वाफ्यावर जाऊन बघा. माती नांगरल्यासारखी लांबवर उलटली असेल आणि चिखलात खुराच्या दोन मोठ्या ठशांमागे आणखी दोन बारीक ठिपके उमटले असतील, तर ते रानडुक्कर. खड्डा लहान आणि नेमका असेल, उरलेल्या रताळ्यावर दातांच्या रुंद खाचा असतील, कुंपणाखालून घसटून आल्याची वाट असेल, तर सायाळ. एखादा काटाही पडलेला सापडतो. वेल वरून खुडलेला असेल आणि जवळपास लेंड्यांचा मोठा ढीग असेल, तर रोही, म्हणजे नीलगाय. बुंध्याशी बीळ असेल तर उंदीर किंवा घूस. प्रत्येकाचा बंदोबस्त वेगळा आहे. सायाळीसाठी साड्या बांधून काही होत नाही आणि उंदरासाठी चार फुटांचं कुंपण कामाचं नाही.

रानडुकराची नजर फार चांगली नसते. त्याचं नाक तेज असतं आणि जोर थुंतरात, म्हणजे नाकाडात असतो. ते कुंपणावरून उडी मारायच्या भानगडीत पडत नाही, खालून थुंतर घालून उचलतं. म्हणून आपली तुराट्यांची किंवा पऱ्हाट्यांची आड त्याला अडवत नाही. तुराटी उभी छान दिसते, पण जमिनीपाशी तिला काही आधार नसतो. कुंपणाची सगळी ताकद खालच्या दीड फुटात घाला. जमत असेल तर जाळी एक फूट मातीत गाडा, वर तीन-चार फूट पुरते. जाळीला पैसा नसेल तर आहे त्याच तुराट्यांच्या आडीला बाहेरून बोराटी आणि बाभळीचे काटे बुडाशी दाबून बसवा आणि त्यावर दगडांची रांग लावा. काट्याचा बुंधा आत आणि शेंडा बाहेर, असे काटे बसवले की थुंतर घालायला जागा राहत नाही. डुकराला एकदा बोचलं की ते दुसरीकडे वळतं. पावसाळ्यात काटे कुजतात, दगड सरकतात. पोळ्याच्या सुमारास एकदा आणि दिवाळीआधी एकदा कुंपणाभोवती फिरून डागडुजी करावी लागते. त्या कामाला कंटाळा केला तर पहिल्याच फटीतून डुक्कर येतं.

दोन-तीन वर्षांचा विचार करत असाल तर याच पावसाळ्यात कुंपणालगत सागरगोटा आणि करवंद लावून द्या. सागरगोट्याची जाळी वाढली की मांजरसुद्धा आत येत नाही. घायपातही चालते. चंद्रज्योत अनेक जण लावतात, पण पोरं तिच्या बिया खाऊन आजारी पडतात. तुमच्या घरी पोरं आहेत म्हणून ती मी सांगणार नाही.

रंगीत साड्या, न्हाव्याच्या दुकानातले केस, सडकी अंडी, गोमूत्र हे सगळं लोक करतात आणि त्यात तथ्य आहे. नवा रंग किंवा नवा वास आला की डुक्कर आणि रोही काही दिवस बिचकतात. माणसाचे केस कुंपणाच्या बाहेरून पसरले तर हुंगताना नाकात जातात, तेही त्यांना नकोसं होतं. पण पावसाने वास जातो, केस चिखलात मिळतात, आणि जनावर शहाणं असतं. काही दिवसांनी त्याला कळतं की साडीमागे माणूस नाही. म्हणून ही युक्ती बारा महिने चालेल असं धरू नका. रताळं काढायला पंधरा-वीस दिवस राहिले असतील तेव्हा करा, आणि दर आठ दिवसांनी साड्यांची जागा बदला. सायाळीसाठी कुंपणाखालची जाळीच हवी, दुसरा इलाज नाही. रोही सहसा गावाला इतकं खेटून येत नाही, वावरातच त्रास देतो.

एक मात्र पक्कं लक्षात ठेवा. फासे, गावठी बॉम्ब, विष घातलेलं पीठ यातलं काहीही नको. रानडुक्कर, रोही, वानर, सायाळ या सगळ्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. वावरातल्या पिकाचं नुकसान झालं तर ते ताजं असतानाच फोटो काढून वनविभागाला कळवा, म्हणजे पंचनामा होतो आणि भरपाईचा अर्ज करता येतो. उशीर झाला की पंचनाम्याला काही दिसत नाही.

वानरांचं सांगताना मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. वानर हुशार असतं, टोळीने येतं, आणि त्याला कुंपण म्हणजे बसायची जागा. हात उगारायचा नाही, मारुतीचं रूप आहे, हेही आपल्या घरोघरी मानलं जातं आणि ते चांगलंच आहे. म्हणून वानराला हाकलण्यापेक्षा, त्याने उतरावं असं तिथे काही ठेवायचं नाही. कवेलूवर टेकणारी कडुनिंबाची किंवा बोराची फांदी असेल तर छाटा, त्यांची वाट लांब होते. शिळी भाकरी, केळीची सालं अंगणात टाकू नका आणि पोरांनाही खाऊ घालू देऊ नका. भेद्रे झाडावर लाल होऊ देऊ नका. पाड लागला, म्हणजे बुडाशी जरासा गुलाबी-पिवळा रंग आला, की तोडा आणि घरात टोपलीत कागद घालून पिकवा. चवीत फार फरक पडत नाही, आणि लाल रंग दिसला नाही की दुपारची अर्धी स्वारी टळते.

मग लावणीची मांडणी बदला. मिरची, हळद, आलं, लसूण, सुरण, कारलं याला वानर सहसा तोंड लावत नाही. ही पिकं छपराच्या बाजूला, त्यांच्या उतरायच्या वाटेवर लावा. भेद्रे, ढेमसे, काकडी मधोमध घ्या आणि त्यावर बांबूच्या कमच्या वाकवून जाळं टाका. मासे धरायचं जुनं जाळंही चालतं. जाळं ताणून बांधा आणि कडा दगडाने दाबा. सैल जाळ्यात साप आणि पाखरं अडकून मरतात, आणि साप तर परसात उंदीर खायलाच येतो. घरचा कुत्रा असेल तर सोन्याहून पिवळं. पाइपात कार्बाइड घालून बार काढायची बंदूक मात्र पोरांच्या हाती जाऊ देऊ नका. उशिरा उडते, बघायला वाकलं की तोंडावर उडते, आणि डोळे जातात.

किडीचं काम त्या मानाने तुमच्या हातातलं आहे, आणि यात बाईची रोजची नजर कुठल्याही औषधापेक्षा जास्त काम करते.

वांग्यातली अळी फळात जायच्या आधी शेंड्यात असते. सकाळी रोपं ताजी असताना एखादा शेंडा मान टाकून लोंबलेला दिसेल. पाणी कमी पडलं म्हणून नाही, कारण बाजूचे शेंडे ताठ असतात. तो शेंडा दोन बोटं खालून खुडा आणि उभा चिरून बघा. आत फिकट गुलाबी अळी आणि तिची काळसर विष्ठा सापडेल. असे शेंडे आणि छिद्र पडलेली वांगी साबणाच्या पाण्यात बुडवा. उकिरड्यावर टाकली तर अळी तिथे कोष करून पतंग होऊन परत येते. आठवड्यातले दोन वार ठरवून हे केलं की महिन्याभरात फरक दिसतो. हे औषधाने का होत नाही, तर अळी शेंड्याच्या नाहीतर फळाच्या आत बसलेली असते, फवारा वरून वाहून जातो. जुनी वांगी छाटून फुटव्यावर ठेवायची सवय असेल तर सोडा, आणि त्याच वाफ्यात लागोपाठ वांगी किंवा भेद्रे घेऊ नका.

ढेमसे आणि दोडक्यात कुजलेलं, अळ्या वळवळणारं फळ निघतं, ती फळमाशी. कोवळ्या फळाला डंख मारून ती आत अंडी घालते. फूल गळून बोटाएवढं फळ धरलं की त्यावर कागदाची किंवा जुन्या धोतराच्या कापडाची पिशवी बांधा. डंख लागलेली आणि गळालेली फळं रोज वेचून प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवा. क्यूल्यूर (फळमाशीला ओढणारं वासाचं आमिष) लावलेला सापळा कृषी केंद्रात मिळतो, तो वेलीजवळ टांगा. कीटकनाशक घ्यायचं नसलं तरी दुकानात जायला हरकत नाही, फक्त सापळाच मागायचा. वेलवर्गीय रोप दोन पानांवर असताना लाल भुंगेरे पानं चाळणीसारखी करतात. त्यांना पहाटे धरा, गारठ्यात ते सुस्त असतात. आणि दवात चुलीची चाळलेली राख भुरभुरवा.

भेंडी-मिरचीचं पान वाकडं झालं की पान उलटून बघा. तिथे मावा किंवा तुडतुडे असतील. झाडावर मुंग्यांची रांग चढत असेल तर मावा आहेच, कारण माव्यातून गळणारा गोड रस खायला मुंग्या येतात आणि माव्याची राखणही करतात. त्याच पानावर कधी मगरीसारखी दिसणारी, काळी, नारिंगी ठिपक्यांची बारीक अळी सापडते. तिला चिरडू नका. ती ढालकिड्याची पिल्लं, मावा खाऊनच मोठी होतात. आपल्याकडे बायका तीच आधी मारतात आणि मावा राहून जातो. ती दिसली तर चार दिवस कसलीच फवारणी करू नका, तिला काम करू द्या.

फवारायचंच असेल तर निंबोळी अर्क. दशपर्णीचंही, म्हणजे दहा झाडांच्या पाल्याच्या अर्काचंही नाव तुम्ही ऐकलं असेल, पण त्याला महिनाभर ड्रम आंबवत ठेवावा लागतो आणि त्यात कण्हेरीसारखा विषारी पाला पडतो. दोन गुंठ्यांच्या खाण्याच्या भाजीला तो खटाटोप मला पटत नाही. निंबोळी तर सध्या गावभर झाडाखाली पडून आहे. पिवळी, ताजी गळालेली वेचा. पोरांना कामाला लावा. गर चोळून धुऊन टाका आणि बिया सावलीत वाळवा. उन्हात वाळवल्या तर त्यांचा गुण जातो, आणि नीट वाळल्या नाहीत तर काळी बुरशी धरते. वाळलेल्या बिया गोणपाटात हवेशीर ठेवा, पुढच्या हंगामापर्यंत पुरतात.

दहा लिटर अर्काला अर्धा किलो बिया. आदल्या संध्याकाळी खलबत्त्यात जाडसर कुटा, फडक्यात पुरचुंडी बांधा आणि दीड-दोन लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी पुरचुंडी त्याच पाण्यात बुडवून पिळत राहा. पाणी दुधाळ होतं, आणि फिकट झालं की थांबायचं. ते दुहेरी कापडाने गाळा, नाहीतर पंपाचं तोंड बुजतं. साबणाचा वीस ग्रॅम कीस वेगळा विरघळवून त्यात घाला, म्हणजे अर्क पानाला धरून राहतो. मग दहा लिटर पुरं करा. फवारणी ऊन उतरल्यावर करा, कारण उन्हाने निंबोळीतला गुण मरतो. पानाच्या खालच्या बाजूला नीट मारा. आज केलेला अर्क आजच संपवा. आठ-दहा दिवसांनी पुन्हा, आणि मधे पाऊस झाला तर लगेच पुन्हा.

याने कीड फटकन मरून पडणार नाही. भाऊ दुसऱ्या दिवशी बघतील आणि म्हणतील, काहीच झालं नाही. निंबोळीने किडीचं खाणं सुटतं आणि तिची कात नीट पडत नाही, त्याला चार-पाच दिवस लागतात. तेवढे दिवस त्यांना कपाशीच्या पंपापासून दूर ठेवणं हे तुमचं काम.

मिठाचं पाणी, रॉकेल, कपडे धुवायचा सोडा असलं काही झाडावर मारू नका. पानं करपतात आणि मिठाने माती कायमची बिघडते. वाफ्यांच्या कडेने झेंडू लावा. मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींना तो आवरतो, आणि भेद्ऱ्यावर येणारी अळी आधी झेंडूच्या कळ्यांवर जाते, तिथे वेचायला सोपी. चार एरंड कोपऱ्याला असू द्या. पानं खाणाऱ्या अळ्या आपली अंडी एरंडाच्या पानावर पुंजक्याने घालतात, ते पानच तोडून टाकायचं. शेणखत पुरतं कुजलेलंच घाला, कच्च्या शेणाने हुमणी आणि उधई (वाळवी) दोन्ही येतात. गोगलगाईंसाठी संध्याकाळी ओलं गोणपाट पसरा, सकाळी उचलून खालच्या वेचा आणि मिठाच्या पाण्यात टाका. त्याहून जास्त काही लागत नाही.

आता कोंबड्यांचं. चालतात, पण वेळ बघून. रोपं वीतभर व्हायच्या आत सोडल्या तर सांभाराचा वाफा उकरून टाकतील, आणि भेद्रे खाली लोंबत असतील तर चोचीने फोडतील. वाफा रिकामा झाला की दोन दिवस खुशाल सोडा. मातीतल्या अळ्या, कोष, उधई, गोगलगाईची पिल्लं सगळं वेचून खातात आणि खतही टाकतात. उभ्या पिकात सोडायच्या असतील तर वांगी-भेंडी गुडघ्याएवढी झाल्यावर, दिवस मावळायच्या आधीचा तासभर पुरे. त्या वेळी पोटं भरलेली असतात, फार उकरत नाहीत, आणि अंधार पडायच्या आत आपणहून खुराड्याकडे वळतात. निंबोळी फवारलेल्या दिवशी मात्र त्यांना आत सोडू नका.